येतो मी

(आईच्या पहिल्या वर्षस्मरणानिमित्त कोल्हापुरात, शुक्रवार पेठेतल्या एका तालमीच्या सभागृहात दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा बाज ठेवून थोडं संपादित केलं आहे.)

नमस्कार. मागं उभे आहेत त्यांनी पुढं या, सतरंजीवर जागा आहे. आबा, तुम्हाला ऐकू येतंय ना? आबा पहिल्या रांगेत बसलेत. ऐकू येत नसलं तरी ते मान हलवतील, म्हणून मी त्यांच्याकडं तोंड करून बोलणार आहे. वैनी तसंच बोलायची.

वैनी म्हणजे आमची आई आणि आबा म्हणजे वडील. आम्ही चौघं भावंडं तिला वैनी म्हणायचो. एकत्र घर होतं. तिन्ही काका तिला वैनी म्हणायचे, मग पोरांच्या तोंडीही तेच बसलं. कोल्हापुरात असं अनेक घरांत आहे, तुम्हाला नवं सांगायला नको. पण माझ्या नोकरीतल्या बाहेरगावच्या मैत्रिणींना वाटायचं की ही सावत्र आई आहे की काय. मी तेव्हा घाईघाईनं खुलासा करायची. आज वाटतं, कशाला करायची? ज्या घरात आईला सगळ्यांची वैनी व्हावं लागतं आणि ती होते, त्या घराबद्दल खुलासा करण्यासारखं काही नसतं.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. व्याकरण हा माझा आवडता भाग. त्यामुळं मला जेव्हा तालमीच्या मंडळींनी सांगितलं की वर्षश्राद्धाच्या जेवणावळीबरोबर वैनींवर तासभर बोला, तेव्हा मी ठरवलं की तिच्या स्वभावाबद्दल बोलायचं नाही. प्रेमळ होती, कष्टाळू होती, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. तुमच्यातले निम्मे तिच्या हातचं जेवलेत. मी तिच्या बोलण्याबद्दल बोलणार आहे. माणूस गेल्यावर फोटो राहतो, लुगडी राहतात, भांडी राहतात. आवाज आणि शब्द सगळ्यांत आधी जातात. मला ते जाऊ द्यायचे नाहीत.

वैनी बोलायची ती आपली भाषा. ‘मी येतो.’ ‘मी जरा बाजारात जातो.’ ‘मी मगाशीच जेवलो.’ आपल्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना असंच बोलतात. येते, जाते, जेवले म्हणत नाहीत. पुण्यामुंबईचा माणूस हे पहिल्यांदा ऐकतो तेव्हा चमकतो. पुस्तकात हे चूक आहे. मी ते पुस्तक शिकवायची, म्हणून ठाऊक आहे. पण जरा थांबून बघा. ‘मी येईन’ असं बाईही म्हणते, बाप्याही म्हणतो, त्यात कुणाला काही खटकत नाही. संस्कृतात ‘अहं गच्छामि’ दोघांनाही एकच. आपल्या सीमेपलीकडं निपाणीच्या पुढं गेलात की कन्नड सुरू होतं. ‘नानु बरुत्तेने’ म्हणणारी बाई आहे की पुरुष, ते क्रियापदावरून कळत नाही. या कानडी शेजारात शेकडो वर्षं राहिलेल्या मुलखातल्या बायकांनी ‘मी’ला लिंग लावलं नाही, तर त्यांचं काय चुकलं? हे मला कळलं तेव्हा माझे केस पांढरे व्हायला लागले होते. कळायला हवं होतं ते बाराव्या वर्षी.

ती गोष्ट सांगतेच. आज ती सांगायलाच मी इथं उभी राहिले आहे.

साल १९७४. मी सहावीत. आमच्या वर्गाच्या बाई घरी आल्या होत्या. बाई बाहेरगावच्या, पांढरी शुभ्र साडी, बोलणं छापल्यासारखं. माझा निबंध जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवायचा होता म्हणून आबांची सही पाहिजे होती. आबा उद्यमनगरात कारखान्यात, लेथवर. घरी वैनी एकटी. तिनं बाईंना पाट दिला नाही, आतली एकुलती एक खुर्ची आणून दिली, पदरानं पुसून. आणि म्हणाली, “बाई, बसा की. मी आत्ता चा टाकतो.”

मी म्हणाले, “वैनी, टाकतो नाही. टाकते.”

बाई हसल्या. वाईट हसल्या नाहीत, कौतुकानंच हसल्या, माझं कौतुक. वैनीही हसली. पदर तोंडाशी नेला आणि आत गेली. चहा आला, सोबत बशीत भडंग आलं. चहा बाहेर घेऊन आला तो माझा धाकटा भाऊ. ती आली नाही.

एवढंच झालं. त्या दिवशी मला निबंधाचा आनंद होता. पुढं कितीतरी वर्षं मला यात काही झालं असं वाटलंच नाही.

मग नोकरी लागली. आठवीला प्रयोग शिकवायचे असायचे: कर्तरी, कर्मणी, भावे. एका रविवारी उद्याची उदाहरणं काढत स्वयंपाकघरात बसले होते. शाळेतल्या दोन सहकारी बाई यायच्या होत्या. त्या आल्या, आणि वैनी त्यांच्याशी बोलायला लागली. “चा ठेवलाय.” “बाजारातनं वांगी आणलीत, कोरड्यास वांग्याचं केलंय.” “उद्या माहेरी जायचं हाय.” “आत्ताच देवाला जाऊन आल्यालं बरं वाटतंय.” माझ्या हातात वही होती. मी तिची वाक्यं उतरवायला लागले, कारण मला उदाहरणं पाहिजे होती. ‘चा ठेवलाय’: क्रियापद चहाच्या मागं जातं, कर्मणी. ‘जायचं हाय’: कर्ता बाजूला. ‘वांगी आणलीत’: क्रियापद वांग्यांच्या मागं. चार वाक्यं झाली, सहा झाली, दहा झाली. एकाही वाक्यात ‘मी’ नव्हता. एकाही वाक्यात तिला ठेवतो की ठेवते, जातो की जाते हे म्हणावं लागत नव्हतं.

बाहेरचं माणूस समोर असलं की वैनी अशीच बोलत होती. चौथी शिकलेली बाई. तिला कर्मणी प्रयोग म्हणजे काय हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनं तो स्वतःच शोधून काढला होता, कारण तिला तिच्या पोरीला पुन्हा लाज आणायची नव्हती. आणि तिला ‘येते, जाते’ म्हणायचंही नव्हतं. ती तिची भाषा नव्हती, तोंडात बसत नव्हती. मग तिनं असा रस्ता काढला की ‘मी’च गाळून टाकला. आबांशी, आमच्याशी, शेजारणींशी ती पूर्वीसारखीच ‘मी येतो’ म्हणायची. शिकल्यासवरल्या माणसापुढं मात्र तिच्या वाक्यातून ती स्वतः निघून जायची. दहा-बारा वर्षं हे चाललं होतं आणि घरातल्या मराठीच्या बाईंना त्याचा पत्ता नव्हता.

वही तशीच मिटली. दुसऱ्या दिवशी वर्गात पुस्तकातली उदाहरणं दिली. रामाने आंबा खाल्ला.

तिच्याबद्दल जरा सांगते, तारखांसकट. तिचा जन्म १९४१चा, भोगावतीच्या काठच्या एका खेड्यातला. १ मार्च १९४९ला कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हा ती आठ वर्षांची. शाळेत पेढे वाटले नव्हते, म्हणायची, नुसतं सोडून दिलं लवकर. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला म्हणून त्या भागात शाळा होती आणि शाळा होती म्हणून ती चौथीपर्यंत शिकली. तिची आई अंगठा लावायची. लग्न १९५९ साली. बैलगाडीनं, मग यष्टीनं कोल्हापुरात आली आणि शुक्रवार पेठेतल्या घराचा उंबरा ओलांडला. त्यानंतर ती कुठं राहायला गेली नाही, पूर आला तेव्हाचे दिवस सोडले तर.

पंचगंगेच्या घाटावर ती पहिल्यांदा गेली तेव्हाचं आबा सांगतात. ती पाण्याकडं बघत उभी राहिली आणि म्हणाली, “हे आमच्या गावचं पाणी.” भोगावती पुढं येऊन पंचगंगेत मिळते, हे तिला शाळेत शिकवलेलं. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी गुप्त सरस्वती. प्रयाग चिखलीपासून पुढं पंचगंगा. नवी नवरी, गाव सुटलेलं, आणि गावचं पाणी सासरच्या दाराशी येतंय हे कळल्यावर ती रडायची थांबली असं आबा म्हणतात. खरं खोटं त्यांनाच ठाऊक. आबा मान हलवतायत बघा.

आषाढात नदीला नवं पाणी आलं की पेठेतल्या बायका कळशी घेऊन टेंबलाईच्या टेकडीवर जातात. पुढं पी-ढबाक वाजत असतं. वैनी अनवाणी जायची. सत्तरी उलटल्यावर आम्ही म्हटलं, रिक्षानं चला. ती म्हणाली, “देवीला पाणी घालायला रिक्षानं? मी चालतच जातो.” तिच्या कळशीतलं पाणी तिच्या गावाहून आलेलं होतं, हे मला आत्ता बोलताना लक्षात आलं.

आता चटणी. इथं बसलेल्यांना मी चटणी म्हटलं की काय ते कळतं. बाहेरच्यांना वाटतं कोथिंबीर-खोबऱ्याची. आपल्याकडं चटणी म्हणजे वर्षाची कांदा-लसूण चटणी. ती झाली की घराचं वर्ष लागलं. गुढीपाडवा झाला की वैनी कपिलतीर्थला जायची. मिरची हातात घेऊन मोडायची, वास घ्यायची, देठाकडं बघायची. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला. दुकानदार म्हणायचा, सगळ्या एकच आहेत मावशी. ती म्हणायची, “मग तुमीच खावा की.” आणि पुढच्या दुकानाकडं वळायची.

दोन दिवस गच्चीवर मिरच्या. सगळी पेठ शिंकायची. देठं खुडायला शेजारच्या चार-पाच बायका बसायच्या आणि त्यांचं बोलणं ऐकण्यासाठी मी गृहपाठ घेऊन जिन्यात बसायची. कांदा उभा चिरून उन्हात, मग तेलात तांबूस होईपर्यंत. खोबरं वेगळं भाजायचं, तीळ वेगळे, धणे-जिरे वेगळे. लवंग, दालचिनी, मिरे, दगडफूल, बाद्यान, जायपत्री, हळकुंड, हिंगाचा खडा हे सगळं चमचाभर तेलात, एकामागून एक, कधीच एकत्र नाही. एकत्र टाकलं की एक जळतं आणि एक कच्चं राहतं. मग डबे डोक्यावर घेऊन कांडपाच्या गिरणीत. मशीनवाल्यावर तिचा भरवसा नव्हता, ती शेवटपर्यंत बाजूला उभी. नाकाला रुमाल, डोळ्यांतून पाणी. लसूण शेवटी घालायचा आणि तो घरी कुटायचा, आबांनी केलेल्या बत्त्यानं.

हा बत्ता. मी मुद्दाम आणलाय, बघून घ्या, हातात घ्या. आबा टर्नर. कोल्हापूरचं उद्यमनगर म्हणजे फाउंड्री आणि लेथ, इथली ऑइल इंजिनं लांब लांब जायची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला पगारात लुगडं बसेना, तेव्हा आबांनी मालकाला विचारून पितळेचा एक तुकडा घेतला आणि सुट्टीनंतर थांबून त्याचा बत्ता केला. वरच्या बाजूला तीन रेघा आहेत बारीक. त्या कशाला केल्या विचारलं तर आबा म्हणाले, “हात सटकू नये म्हणून.” तिचा अंगठा साठ वर्षं त्या रेघांवर बसत गेला. मधली रेघ आता जवळजवळ गेलीय. बोट फिरवलं तरच कळते.

चटणी झाली की तिचे हात दोन दिवस भगभगायचे. खोबरेल चोळायची आणि भाकरी मात्र थापायचीच. काटवटीतलं पीठ लाल होऊ नये म्हणून मनगटानं मळायची. आम्ही कुणी म्हटलं, आज राहू दे, तर म्हणायची, “मी न्हाई केलं तर कोण करंल?” यात तक्रार नसायची. मला तेव्हा तसं वाटायचं. आता तसं छातीठोक म्हणवत नाही. तिला खरंच कुणीतरी उठून भाकरी थापावी असं वाटत असेल. मी कधी उठले नाही, हेही आज इथं सांगून टाकते.

आबांशी तिचं बोलणं थोडं. “आवो, ऐकलासा काय?” यानं सुरुवात व्हायची. आपला तो ‘सा’ फार सुंदर आहे. आलासा, बसलासा, जेवलासा. मान देतो, पण लांब ठेवत नाही. वैनी तो सगळ्यांना द्यायची. नवऱ्याला, सासऱ्यांना, यष्टीच्या कंडक्टरला, कचरा न्यायला येणाऱ्या बाईला, दारात आलेल्या पोस्टमनला. “जेवलासा काय?” हे ती विचारायची ते उत्तरासाठी. नाही म्हणालं की आत नेऊन ताटावर बसवायची. कारखान्यातल्या आवाजानं आबांचे कान पन्नाशीतच गेले. मशीन लावलं होतं कानाला. वैनी गेल्यावर तेराव्यानंतर त्यांनी ते काढून फडताळात ठेवलं. मी म्हटलं, आबा, घाला. ते म्हणाले, “आता कुणाचं ऐकायचं हाय?” आज घातलंय. आज तिच्यावर बोलणार म्हणून घातलंय.

१९७२च्या दुष्काळात रेशनवर मिलो यायची, लाल जोंधळा. त्याची भाकरी थापताना तुटायची. वैनी त्यात जरा आपला शाळू मिसळायची आणि पहिली धड भाकरी सासऱ्यांना, दुसरी आबांना, मग आम्हाला, तुटलेले तुकडे तिला. असं प्रत्येकीच्या घरी झालंय. यावर जास्त बोलत नाही.

नातवंडांकडं येते. माझी मुलगी १९९२ची. मी शाळेत, पोरगी दिवसभर आज्जीजवळ. अडीच वर्षांची असताना एकदा मी संध्याकाळी न्यायला आले तर दारात उभी राहून म्हणते, “आज्जी, मी येतो हं! उद्या परत येतो.” माझ्या तोंडात आलंच होतं, येते म्हण बाळा. वैनी माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते मला सांगता येणार नाही. मी काही बोलले नाही. फक्त चपला घातल्या. वैनी पोरीला म्हणाली, “या बरं का. मी वाट बघतो.” माझ्यासमोर, जाणूनबुजून, स्पष्ट. मला वाटतं त्या दिवशी तिनं मला माफ केलं. किंवा तिनं माफ करण्यासारखं काही मनात धरलंच नव्हतं, आणि नात तिच्यासारखं बोलली म्हणून नुसती खूश होती. आईबद्दल आपण नंतर फार अर्थ लावतो. पण त्या दोघींच्या बोलण्यात पुढं मी कधीही पडले नाही. मुलगी शाळेत पुस्तकी बोलायची, आज्जीशी आज्जीसारखी. तिला दोन्ही येत होतं आणि त्यात तिला काहीच जड गेलं नाही.

अंबाबाईच्या देवळात मावळतीची किरणं देवीवर येतात, त्या किरणोत्सवाला नातीला घेऊन जायची. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ला. घरी येऊन दोघी एका सुरात सांगायच्या: आज पायावर आली, आज कमरेपतोर आली, आज तोंडावर आली. ढगानं किरणं अडली की वैनीचं तोंड उतरायचं, जणू देवीला भेटायला निघालेलं कुणी वाटेत अडकलंय.

२०१९चा पूर तुम्हा सगळ्यांनी बघितलाय. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटाला इशारा, ४३ला धोका. त्या ऑगस्टात नदी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर रस्ता बंद, शहराचं बेट झालं. वैनी तेव्हा ७८ची. रेडिओजवळ बसून एकच विचारायची, “राधानगरीची किती दारं उघडली?” भोगावतीवरच्या त्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाण्याचा दाब आला की आपोआप उघडतात. “म्हंजे आमच्या गावचं पाणी अजून यायचंय,” म्हणायची. पायरीला पाणी लागलं तेव्हा होडी आली. बाकीच्यांनी कागदपत्रं घेतली, दागिने घेतले. वैनीनं चटणीची बरणी कडेवर घेतली, लुगड्याच्या घडीत गुंडाळून, लहान पोराला घ्यावं तशी.

एका मोठ्या हॉलमध्ये आम्हाला ठेवलं होतं. तीनेकशे माणसं असतील, कुठकुठल्या गल्लीतली. मदत करायला कॉलेजची मुलं होती, बाहेरून आलेले डॉक्टर होते, चांगले शिकलेले अधिकारी होते. भाकऱ्या गावागावातून येत होत्या, कोरड्यास मात्र पुरत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वैनी उठली, बरणी उघडली, पदर खोचला आणि सगळ्यांच्या देखत, त्या डॉक्टरांच्या, अधिकाऱ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाली, “पंगत धरा. मी वाढतो.”

मी वाढतो. १९७४नंतर परक्या माणसांपुढं तिच्या तोंडून ‘मी’ मी पहिल्यांदा ऐकला. पंचेचाळीस वर्षं. ती एकेकाच्या भाकरीवर चिमूट चिमूट चटणी घालत, वर कुणीतरी आणलेलं तेल सोडत निघाली. “तुमी कुठल्या गल्लीतले? घरात किती पाणी हाय? मी उद्या पिठलं करतो, भांडं मिळालं तर.” एक तरुण डॉक्टर, नागपूरकडचा असावा बोलण्यावरून, तिला म्हणाला, “आजी, तुम्ही बसा, थकाल.” ती म्हणाली, “मी न्हाई थकत. तू बस. जेवलास काय?” मी रांगेत होते, भाकरी हातात घेऊन. माझ्यापाशी आली, चटणी घातली, आणि पुढं गेली. मी का रडत होते ते तिला कळलं नसावं. तिला वाटलं असेल, घर बुडालं म्हणून.

दोनच वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, पुन्हा तेच. पुन्हा होडी, पुन्हा बरणी.

३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. शाळेतून निवृत्त झाले होते तरी मला भरून आलं, मी पेढे घेऊन घरी गेले. वैनीला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “म्हंजे काय झालं?” मी म्हटलं, आपली भाषा फार जुनी आहे, मोठी आहे, असं दिल्लीनं मान्य केलं. तिनं विचारलं, “आपली म्हंजे? तुझी का माझी?”

तिनं ते खरंच विचारलं होतं. तिला माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, वैनी, तुझी. पहिल्यांदा तुझी. आणि मग तिला ‘करालोय’ समजावून सांगितलं. आपण म्हणतो, मी जेवालोय, पाऊस पडालाय, पाणी यालंय. पुस्तकात त्याला जागा नाही. पुस्तकात ‘जेवत आहे’. पण ‘जेवालोय’ हे ‘जेवू लागलोय’चंच आवळलेलं रूप वाटतं. कामाला लागलेला माणूस त्यात दिसतो. ‘पाऊस पडत आहे’ म्हटलं की पाऊस खिडकीबाहेर असतो, ‘पडालाय’ म्हटलं की तो पत्र्यावर वाजतो. मी हे जमेल तसं सांगत होते. ती ऐकत होती. मग म्हणाली, “एवढं सगळं हाय व्हय यात? मी आपलं बोलालो.” आणि पेढा तोंडात टाकला, अर्धा मोडून आबांना ठेवला.

ते बोलणं झालं याचं मला आज फार बळ आहे. अर्धं आयुष्य उशीर झाला, पण झालं.

गेल्या वर्षी श्रावणात तिला न्यायला गाडी आली. दम लागत होता. स्ट्रेचरवर घेतलं, गल्लीतल्या सगळ्या बायका दारात. तिनं हात थोडा वर केला आणि म्हणाली, “येतो मी.” आपल्याकडं जाणाऱ्यानं जातो म्हणायचं नसतं. चार दिवसांनी सकाळी गेली.

आता शेवटचं. माझी मुलगी नोकरीला पुण्यात असते. दोन वर्षांपूर्वी तिनं फोन करून आज्जीला चटणीचं प्रमाण विचारलं होतं आणि फोनवर ते रेकॉर्ड करून ठेवलं. आमच्याकडं वैनीचा आवाज एवढाच आहे. लग्नाच्या व्हिडिओत ती आहे, पण तिथं गप्प आहे. हे एक मिनिट आणि वीस सेकंदांचं आहे. मी उतरवून काढलंय, आधी वाचते, म्हणजे आबांना ऐकताना सोपं जाईल.

“हां, लिहून घ्यालीस काय? एक किलो मिरची धर. अर्धा ब्याडगी, पाव संकेश्वरी, पाव लवंगी. तुमच्यात कमी तिखट लागतंय तर लवंगी कमी घाल. कांदा किलोभर. वाळवून घ्यायचा, वला घातलास तर वर्षभर टिकायचा न्हाई. लसूण पाव किलो. खोबरं पाव. धणे पाव, तीळ त्याच्या निम्मं. मीठ… मीठ मी बघून घालतो. तुला कसं सांगू? हाताला कळतंय. तू असं कर, मीठ घालू नको. तसंच डब्यात भरून ठेव. मी दिवाळीला यालोय न्हवं, मी येऊन घालतो. आनि जेवलीस काय?”

त्यावर मुलगी म्हणते, हो आज्जी, जेवलो.

लाव गं तो फोन. आवाज मोठा कर.